बिनधुराचा जाळ

आमच्या घरात सगळी धुराला भ्यायला लागली ती माझ्यामुळं. त्याच्या आधी कोण भीत न्हवतं. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणत्यात, त्या मामांचा सगळा जन्म फाउंड्रीत गेलेला. सासूला आत्ती म्हणत्यात, त्या आत्तींचा चुलीपुढं. आणि आमचं हे वेल्डिंगवालं, दिवसभर ठिणग्यात. धूर म्हंजे त्या घरातलं चौथं माणूसच. मी मुरगूडची, आठवीतनं शाळा सुटलेली, लग्न करून कळंब्याच्या रस्त्याला आले, पुढं ह्यांचं पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्या, आणि वरसात ओवी झाली. ओवीच्या छातीत मांजर बसल्यागत घुर्र घुर्र वाजायचं. ग्राइंडरचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, मामांचं बोलणं, त्यांचं कान फाउंड्रीत गेल्यामुळं ते साधं पाणी मागताना पण वरडूनच मागायचे, ह्या सगळ्याच्या खालनं मला तेवढा एकच आवाज ऐकू यायचा. घुर्र घुर्र. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं आणि म्हणाले, हिला धुरापासनं लांब ठेवा. बास, एवढंच. मी ते घरात येऊन सांगितलं, मग रोजच सांगत राहिले. त्या घरात माझं आजपातुर कुणी काय ऐकलं असंल तर एवढं एकच वाक्य, ते पण डॉक्टरचं व्हतं म्हणून.

आणि नेमकं त्याच पावसाळ्यात ह्यांनी धुराचं यंत्र बनवायला घेतलं. मोबाईलवर बघितलं व्हतं कुठंतरी, बाहेरच्या देशातलं. एक लांबडं जाड पिंप आडवं ठेवायचं, त्याच्या एका अंगाला खाली लहान लोखंडी पेटी जोडायची, दुसऱ्या अंगाला धुराडं. जाळ करायचा पेटीत, मटण ठेवायचं पिंपात. मटणाला जाळ दिसतच न्हाय, नुसती ऊब आणि धूर त्याच्या अंगावरनं जातो आणि धुराड्यातनं वर निघतो, आणि दिवसभर असं ठेवलं की म्हणं हाडाचं मटण बोटानं सुटतं. हाटेलवालं एक पावणं ह्यांच्याकडं गेट करून घ्यायला आलतं, त्यांनी शेडात ते पिंप बघितलं आणि म्हणालं, आखाडाच्या पार्टीला मला ह्याच्यातलं मटण दे, लोकांना आवडलं तर असलं एक माझ्या हाटेलात बसवू. श्रावण लागला की मटण बंद, म्हणून आखाडात आमच्याकडं घराघरात मटण शिजतंच, ते काय नवीन न्हाय. पण ह्यांच्या हातचं काम कुणीतरी आपणहून मागितलं ते पहिल्यांदाच. हे घरात आलं आणि ओवीला वर उडवून म्हणालं, "ओव्या, तुझा बा आता नाद खुळा करणार!" आणि ओवी खोकायला लागली.

आत्तींनी त्याचं नाव इंजान ठेवलं, रेल्वेचं असतं तसं. "मटण धुरावर? आणि पांढरा रस्सा कशाचा करायचा मग, वाफंचा?" असं त्या रोज एकदा तरी म्हणायच्या, भाकरी थापता थापता, आणि भाकरी परातीत अशी आपटायच्या की जणू ती भाकरी न्हाय, ह्यांची पाठ हाय. शेजारच्या हसीनाभाभी, त्यांच्या मालकांचं मटणाचं दुकान, त्या तर भिंतीवरनं वाकून इचारायच्या, "संभाजी, गाडी कवा सुटणार तुमची? मुरगूडला थांबती का?" हे पण हसायचं. मी पण हसायची. आता हे लिवताना मला वाटतं, आम्ही सगळी तवा किती बरी हसत व्हतो.

तर अडचण अशी झाली की मटण आत ठेवायच्या आधी ते सगळं लोखंड तापायला लागतं. जाड पिंप, ते काय तव्यागत लगेच तापत न्हाय, आधी नुसता मोकळाच जाळ करून त्याला ताव आणायला लागतो, मग मटण ठेवायचं आणि मग त्या निखाऱ्यावर वासाला बाभळीच्या ढलप्या टाकायच्या. पण आधीचा जाळ कशाचा करायचा? ह्यावरनं आमच्या घरात आठवडाभर भांडणं. ह्यांनी बाभूळ आणलेली, पण आखाडातली बाभूळ ती, पत्र्याखाली ठेवून पण आतनं वलीच, पेटीत टाकली की टोकातनं पाण्याचं बुडबुडे यायचे, सूं सूं वाजायची आणि असला पांढरा धूर की शेडात शेड दिसंना. ओवी त्या दिवशी निळी पडंस्तोवर खोकली. मग मामांनी गुऱ्हाळावरनं चिपाडं आणली, उसाची वाळलेली, ती भक्कन पेटायची आणि मागं वळून बघंपर्यंत राख, आणि त्या राखंचं काळं तुकडं भाभींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. आत्ती म्हणाल्या, शेणी लावा, शेणीचा विस्तव सोन्यासारखा. हे म्हणालं, मटणाला वास लागंल. भाभी भिंतीवरनं म्हणाल्या, "मावशी, सरणाला पण शेण्या आणि मटणाला पण शेण्या? खाणाऱ्यानं काय समजायचं?" आत्ती दोन दिवस भाभींशी बोलल्या न्हाईत.

मी प्रत्येक वेळंला एकच म्हणायची, धूर नको. काय पण लावा, धूर नको. हे एकदा माझ्यावर वरडलं, "आगं धुराचंच यंत्र हाय ते, धूर नको म्हणून कसं चालंल?" मी रडायला लागले. मला दुसरं काय येतच न्हवतं. मग मामा उठलं. मामांना माझं रडणं ऐकू आलं नसंल, पण दिसलं असंल. ते छत्री घिऊन गेलं आणि संध्याकाळी रिक्षातनं एक पोतं घिऊन आलं, आणि माझ्यापुढं ते पोतं उघडून वरडूनच म्हणालं, "पूजा, हे बघ! कोक! फाउंड्रीतला कोळसा! ह्याच्यावर आम्ही बीड वितळवलीया, वतीव लोखंड! ह्याला धूर न्हाय! नातीसाठनं आणलाय!"

करड्या रंगाचे, भोकाभोकाचे, दगडागत खडे. हातात घेतला तर हलका. मामांनी पेटीत खाली थोडा लाकडी कोळसा लावला, वर कोक, आणि ह्यांचा ब्लोअर लावून वारा दिला. पहिल्यांदा जरा गंधकाचा वास आला, दिवाळीच्या फटाक्यागत, आणि मग नुसता लालभडक विस्तव, धूर कसला तो न्हायच. आत्तींनी पेटीच्या वर हात धरून बघितला. ह्यांनी पिंपावर पाण्याचा थेंब टाकला, तो नाचला. मी ओवीला काखंत घिऊन शेडाच्या दारात उभी व्हते, ती खोकली न्हाय. मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्या घरात सगळ्यांनी मिळून माझ्या पोरीसाठनं काय केलं असंल तर ते हेच, म्हणून मला आज पण कुणावर राग धरता येत न्हाय.

आखाडाचा रविवार आला. पाऊस असला तिरका की शेडाच्या शटरातनं थेट आत. हे म्हणालं, तापल्या लोखंडावर पाणी पडलं तर माझं जोड उकलतील, आणि शटर खालपातुर ओढलं. धुराड्याला वर जोडलेला पाइप पत्र्याच्या भोकातनं बाहेर काढलेला, पण त्या भोकातनं पाणी गळून बरोबर पिंपावर पडत व्हतं. मामा म्हणालं, "धूरच न्हाय तर धुराडं बाहेर कशाला काढायचं? बाभूळ टाकायच्या वक्ताला परत जोडू की." हे शिडीवर चढलं, पाइप काढला, भोकात पोतं कोंबलं. ते कसं सरळ व्हतं सगळं. धूर न्हाय म्हंजे बाधा न्हाय. मी पण मान डोलावली, मामांनी पाइप भिंतीला लावून ठेवताना मीच त्याच्याखाली कापड घातलं, काजळी भुईला लागू नये म्हणून. आणि मागच्या खोलीत वल भरलेली, भिंतीला हात लावला तर हात वला व्हायचा, म्हणून आत्ती म्हणाल्या, पोरीची झोळी शेडातच बांध, ऊब लागंल तिच्या छातीला. मटण आलं, बाभूळ टाकली, की तिला भाभींकडं सोडायचं असं ठरलं. तवर ऊब.

हे मटण आणायला भाभींच्या दुकानाला गेलं. मामा पेटीपुढं पाटावर बसलं, ब्लोअर सांभाळत. आत्ती आणि मी पोत्यावर बसून कांदा चिरत व्हतो, लसूण सोलत व्हतो, परातीत मसाला कालवून ठेवलेला, त्याचा वास, आणि पत्र्यावर पाऊस, आणि ओवी झोळीत गप्प. अगदी गप्प. घुर्र घुर्र पण न्हाय, निदान मला ऐकू येत न्हवतं. मला इतकं बरं वाटलं की मी आत्तींना म्हणलं, "आत्ती, आज झोपली बघा." आत्तींनी उठून झोळीत डोकावलं. "गाल बघ कसं गुलाबी झाल्यात. मानवली तिला ऊब." मग लाईट गेली. ब्लोअर बंद पडला, कोक लाल व्हता तो जरा काळवंडला. मामा म्हणालं, असू दे, धुमसू दे, ताव काय मोडत न्हाय. आणि ते भिंतीला टेकलं.

माझं डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, कांदा. मग वाटलं, सकाळपासनं पोटात काय न्हाय म्हणून. आत्ती पण कपाळ दाबत व्हत्या, "आखाडातला दमट वारा, दुसरं काय." सुरी हातातनं सारखी निसटायची. मामा काय बोलत न्हवतं. तो माणूस शिंकला तरी अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि ते आज गप्प, हनवटी छातीला लावून. मी म्हणलं, "मामा, चहा टाकू?" त्यांनी ऐकलं न्हाय. ते तर नेहमीचंच.

आणि मग माझा ब्लाउज वला झाला. पान्हा फुटला आपणहून. ओवीची प्यायची वेळ कवाच झालेली, तिची वेळ माझ्या अंगाला घड्याळापेक्षा बरोबर कळायची, आणि ती उठलीच न्हवती. मी झोळीत हात घातला, तिला काढली, पदराखाली घेतली. ती धरंना. दुधाचा थेंब तिच्या ओठावर पडला आणि तसाच गालावरनं खाली गेला. मी तिच्या तळपायाला बोट घासलं, एरवी पाय कसा झटकन ओढायची, आता पाय माझ्या हातात नुसता पडून. मान पण तशीच.

"आत्ती, ही उठत न्हाय."

"झोपू दे की. किती दिवसांनी झोपलीया."

"पीत न्हाय वो ही."

"भूक लागल्यावर पिईल. झोपल्यालं पोर उठवू नये गं, पूजा." त्या डोळं मिटूनच बोलत व्हत्या. शब्द लांब लांब पडत व्हतं.

मी काय करायला पाहिजे व्हतं? मला कुणी इचारत न्हाय, पण मी मलाच इचारती, भांडी घासताना, बसमध्ये, कुठं पण. मला तवा वाटलं काय तरी वंगाळ झालंय, पण काय झालंय ते दिसतच न्हवतं. जाळ नीट. धूर न्हाय. घरातली मोठी माणसं शेजारी बसलेली, कुणी घाबरलेलं न्हाय. मग मी एकटीच कशी घाबरू? बरोबर काय चुकीचं काय हे त्या घरात मी कवा ठरवलंच न्हवतं. मला फक्त एवढंच सुचलं की ह्यांना इचारावं. ह्यांना फोन लावावा, आणि फोन मागच्या खोलीत खिडकीत. ओवीला झोळीत परत ठेवायला मला वाकता येईना, डोकं गरगरत व्हतं, म्हणून तिला तशीच छातीशी धरून मी उठले. आत्ती म्हणाल्या, "तिला गारठ्यात कुठं न्हेतीस?" मी म्हणलं, "ह्यांना इचारती." चार पावलांवर मागच्या खोलीचं दार, आणि ते दार मला मुरगूडएवढं लांब वाटलं. कडी काढली, पुढं पाऊल टाकलं, ते पडलंच न्हाय, आणि मी उंबऱ्यावर आडवी पडले, अर्धी शेडात, अर्धी खोलीत, ओवी माझ्या हातावर. मागच्या खोलीची खिडकी उघडी व्हती, तिच्यातनं पावसाचं पाणी आत येत व्हतं, वारा येत व्हता. मला वकारी आली. मी तिथंच तोंड फिरवून वकले, आणि डोळ्यांपुढं अंधार येत असताना मला शेवटी एवढंच वाटलं की आत्ती म्हणतील, उंबऱ्यावर घाण केली.

लोक म्हणत्यात मी पोरीला वाचवलं. भाभी तर येईल त्याला सांगत्यात. मी न्हाय वाचवलं. मी नवऱ्याला इचारायला चालले व्हते, एवढंच.

मग शटरचा आवाज. हे आलं, भाभी पण बरोबर, मटणाचं पातेलं दोघांनी धरलेलं. शटर वर गेलं आणि ह्यांनी अंधारात नीट बघायच्या आधीच मागचं दार उघडं दिसल्यावर आरडा केला, "दार कुणी उघडं टाकलं? ताव गेला की सगळा!" आणि मग पातेलं खाली पडलं. ते मी ऐकलं. भाभींनी ओवीला माझ्या हातातनं ओढून घेतलं आणि पळत बाहेर पावसात नेलं, तोंड आभाळाकडं करून, "या अल्ला, या अल्ला, ए पोरी, ए बच्ची," आणि पाणी तिच्या तोंडावर पडत राहिलं, आणि ती बराच वेळ काय करंना, आणि मला उठता येईना, मी उंबऱ्यावरनं नुसती बघत व्हते. हे मामांना काखंत हात घालून फरफटत बाहेर काढत व्हतं. आत्ती गुडघ्यावर रांगत बाहेर आल्या. आणि मग ओवी रडली. म्हंजे रडली असं पण न्हाय, मांजराच्या पिलागत बारीक कुंई केलं, आणि मागनं खोकली. मी तिच्या खोकल्यावर जन्मभर रागावले, त्या दिवशी तो खोकला मला देवाच्या घंटेगत ऐकू आला.

रिक्षातनं दवाखान्यात. सगळ्यांच्या नाकाला मास्क, ओवीला एवढासा, तिच्या तोंडावर तो पण मोठा व्हायचा. डॉक्टर तरुण व्हते. त्यांनी इचारलं, "खोलीत धूर कोंडला होता का?"

मामांनी मास्क बाजूला केला. त्यांना तवा नुकतं भान आलेलं. आणि ते वरडून, कौतुकानंच म्हणाले, "न्हाय सायेब! जरासुदीक धूर न्हवता! पोरीसाठनं बिनधुराचा जाळ केलता!"

डॉक्टर उठून मामांपाशी आले. मग त्यांनी मामांच्या खाटेवर बसून, कानाशी वाकून सांगितलं, की कोळशातनं, कोकमधनं एक वायू निघतो, त्याला रंग न्हाय, वास न्हाय, बंद जागेत माणसाला झोप लागते आणि झोपेतच जीव जातो. "धूर असता तर तुम्ही खोकत बाहेर पळाला असता, आजोबा." मामांनी ऐकलं. ह्या खेपेला त्यांनी नीट ऐकलं. मग भिंतीकडं तोंड केलं, आणि त्यांचं खांदं हलायला लागलं, आणि माझ्या नाकाला मास्क, हाताला सुई, मला उठून त्यांच्यापाशी जाता आलं न्हाय.

ओवी वाचली, आम्ही सगळी वाचलो. पार्टीचं मटण त्या हाटेलवाल्या पावण्यांनी दुसरीकडनं करून घेतलं, ते परत आमच्याकडं आलं न्हाईत. इंजान किती दिवस मागं पावसात गंजत पडलं. पुढं थंडीत ह्यांनी ते शेडाच्या बाहेर उघड्यावर ठेवलं, आता त्याच्यावर कधीमधी लोकांची मटणं होत्यात, दोन इंजानं करून पण दिली बाहेर. तापवायला आता उन्हाळ्यात वाळवलेली बाभूळच, बारीक फोडून. धूर होतो. होऊ दे. पण जाळ करायच्या आधी हे दरवेळंला माझ्याकडं बघत्यात, "पूजा, लावू न्हवं हे?" मामा तर काडी पण ओढत न्हाईत, ते पण माझ्याच तोंडाकडं बघत्यात. आधी कुणी मला काय इचारत न्हवतं, आता सगळी मलाच इचारत्यात, आणि मला आज पण काय कळत न्हाय. मी आपली म्हणती, लावा. आणि ओवीला घिऊन भाभींच्या वट्ट्यावर जाऊन बसती.

ओवी आता शाळेत जाती. घुर्र घुर्र कवाच गेलं. दुपारची शाळेतनं आली की दप्तर टाकून आत्तींच्या मांडीवर झोपती, गाल लाल, तोंड उघडं. आणि मी हातातलं काम टाकून जाती आणि तिच्या तळपायाला बोट घासती. रोज. आत्ती मला अडवत न्हाईत, त्या नुसत्या दुसरीकडं बघत्यात. पाय झटकन ओढला की माझा जीव खाली पडतो. काल तिनं डोळं पण उघडलं न्हाईत, नुसतं कूस बदलून, आत्तींच्या लुगड्यात तोंड खुपसून, रागानं म्हणाली, "आई, झोपू दे की!"

मी म्हणलं, "व्हय गं," आणि परत बोट घासलं.